न बुडण्याची शिक्षा

टायटॅनिक बुडालंच नाही. बुडालं ते त्याचं जुळं भावंड, ऑलिंपिक. मालकांनी गुपचूप नावं बदलली, मोडकं जहाज नवं म्हणून समुद्रात ढकललं, विम्याचे पैसे खिशात घातले आणि त्यापायी दीड हजार माणसं मेली.

ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली असेलच. मिनिटभराची रील, मागे धडधडणारं संगीत आणि शेवटी ‘हे तुम्हाला कुणी सांगणार नाही’ असं गुपित फोडल्याचं समाधान. पोचली नसेल तर टायटॅनिक हा शब्द फोनवर एकदा शोधून बघा, दोन दिवसांत आपोआप पोचेल.

मला या गोष्टीचा राग येतो. इंटरनेटवर थापांना तोटा नाही. प्रत्येक थापेवर रागवायचं ठरवलं तर जेवायलाही सवड मिळायची नाही. पण ही थाप वेगळी आहे. ती श्रीमंत मालकांविरुद्ध बोलण्याचा आव आणते आणि प्रत्यक्षात त्यांना सोडून देते. एका जहाजाची चोवीस वर्षांची नोकरी ती गिळून टाकते आणि त्या जहाजावर राबणाऱ्या, भांडणाऱ्या माणसांना ठार आंधळं ठरवते.

आधी जहाजाची ओळख करून देतो, कारण ती द्यावी लागते इथेच सगळं आलं. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या कारखान्यात व्हाइट स्टार लाइन कंपनीसाठी तीन अजस्र जहाजं बांधली गेली. ऑलिंपिक थोरलं, टायटॅनिक मधलं, ब्रिटानिक धाकटं. टायटॅनिक पहिल्याच फेरीत, १५ एप्रिल १९१२ला पहाटे बुडालं. ब्रिटानिकच्या नशिबी तिकीट काढलेला एकही प्रवासी आला नाही. महायुद्धात ते रुग्णालय-जहाज झालं आणि २१ नोव्हेंबर १९१६ला एजियन समुद्रात सुरुंगाला धडकून तळाला गेलं. ऑलिंपिक १४ जून १९११ला साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा निघालं आणि १९३५पर्यंत कामावर होतं. अटलांटिक ओलांडून जाऊन-येऊन २५७ फेऱ्या, शांततेच्या काळातले ४,३०,००० प्रवासी, शिवाय युद्धात वाहून नेलेले सुमारे दोन लाख सैनिक आणि इतर लोक. तिघांपैकी ज्यानं खरोखर काम केलं ते हे एकच. आणि जगाला त्याची आठवण होते ती दुसऱ्याच्या मरणातला संशयित म्हणून.

आता ती थिअरी नीट मांडतो, म्हणजे विरोधकाचं तोंड दाबून बोललो असं व्हायला नको. २० सप्टेंबर १९११ला आइल ऑफ वाइटजवळ ऑलिंपिकची आणि ‘हॉक’ या युद्धनौकेची टक्कर झाली. ऑलिंपिकच्या बाजूला भोकं पडली, दोन कप्प्यांत पाणी भरलं, प्रोपेलरचा दांडा वाकला. नौदलानं दोष ऑलिंपिकवर टाकला. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि कंपनी हरली. इथवरचं सगळं खरं आहे. थिअरीचं पाऊल इथून पुढे पडतं. जहाज कायमचं निकामी झालं होतं, विमा मिळणार नव्हता, म्हणून बेलफास्टमध्ये दोन्ही जहाजांची अदलाबदल केली आणि निकामी ऑलिंपिक टायटॅनिक म्हणून मुद्दाम बुडवलं. १९९०च्या दशकात रॉबिन गार्डिनर या लेखकानं पुस्तकातून हे मांडलं, पुढे इंटरनेटनं ते उचललं. त्यात जे. पी. मॉर्गन या अमेरिकी धनाढ्यानं ऐनवेळी प्रवास रद्द केला हेही जोडलं गेलं, कारण व्हाइट स्टारची मालकी असलेली मूळ कंपनी त्याची होती.

उत्तरं फार अवघड नाहीत. टायटॅनिक बांधायला सुमारे पंधरा लाख पौंड लागले होते आणि विमा होता दहा लाखांचा. पाच लाख पौंडांचा खड्डा स्वतःच्या खिशाला पाडून कुणी विम्याचा घोटाळा करत नाही. कारखान्यात ऑलिंपिकचा क्रमांक होता ४०० आणि टायटॅनिकचा ४०१. समुद्रतळाशी सापडलेल्या अवशेषांत प्रोपेलरच्या पात्यावर ४०१ कोरलेलं आहे. ऑलिंपिक मोडलं तेव्हा निघालेल्या लाकडी तावदानांवर ४०० आहे. गोल खिडक्यांच्या संख्येवरून रीलमध्ये लाल वर्तुळं काढतात, पण बांधणी चालू असताना अशा गोष्टी बदलतच असतात. टायटॅनिकच्या वरच्या डेकचा पुढचा भाग काचांनी बंद केलेला होता, ऑलिंपिकचा उघडा होता. खालच्या डेकवर टायटॅनिकला जिथे खोल्या होत्या तिथे ऑलिंपिकला फिरायची मोकळी जागा होती. ही पाटी बदलून भागणारी कामं नाहीत.

पण मला यापेक्षा मोठं उत्तर ऑलिंपिकच्याच चरित्रात दिसतं, आणि ते कुठल्याही रीलमध्ये येत नाही.

२७ ऑक्टोबर १९१४. महायुद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ऑलिंपिक प्रवासी घेऊन न्यूयॉर्कहून येत होतं. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ ‘ऑडेशियस’ ही ब्रिटिश युद्धनौका सुरुंग लागून बुडायच्या बेतात आलेली दिसली. तो सुरुंग पेरला होता ‘बर्लिन’ या जर्मन जहाजानं, आणि तेसुद्धा मुळात प्रवासी जहाजच होतं. ऑलिंपिकनं युद्धनौकेवरचे अडीचशे खलाशी उतरवून घेतले, तिला दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला. दोर तुटला. रात्री स्फोट होऊन ऑडेशियस बुडाली.

ब्रिटिश नौदलाचे प्रमुख सेनानी जेलिको यांना ही बातमी बाहेर जायला नको होती. ऑलिंपिकला लॉख स्विली या खाडीत अडकवून ठेवलं. प्रवाशांना उतरू दिलं नाही, निरोप पाठवू दिले नाहीत. २ नोव्हेंबरपर्यंत माणसं जहाजावर कोंडलेली होती. हा खराखुरा कट होता बघा. सरकार, नौदल, युद्धकाळाचे अधिकार, सेन्सॉर, सगळे एका बाजूला. काय झालं? प्रवाशांत अमेरिकन होते, त्यांच्याकडे कॅमेरे होते. नोव्हेंबर संपायच्या आत अमेरिकी वर्तमानपत्रांत ती बातमी आली होती आणि जर्मनांनाही कळलं होतं. एवढं होऊनही ब्रिटिश सरकारनं अधिकृत कबुली दिली ती युद्ध संपल्यावर, १४ नोव्हेंबर १९१८ला. चार वर्षं सगळ्या जगाला ठाऊक असलेलं गुपित ते सांभाळत बसले.

म्हणजे युद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाला एक बुडालेलं जहाज महिनाभर लपवता आलं नाही. आणि दहा हजारांहून जास्त माणसं राबत असलेल्या कारखान्यात दोन महाकाय जहाजांची अदलाबदल होते, आणि त्यांतला एक सुतार, एक रंगारी, एक रिव्हेट ठोकणारा मरेपर्यंत तोंड उघडत नाही. दारू पिऊनसुद्धा नाही. ही थिअरी ज्यांना पटते त्यांनी आयुष्यात कधी कामगारवस्तीत तासभर काढलेला नसावा.

आणि जहाजावरचे लोक? ऑलिंपिकवर दहा महिने काम केलेली माणसं टायटॅनिकवर गेली होती. कॅप्टन स्मिथ त्यांतलेच. व्हायोलेट जेसप ही स्ट्युअर्डेस ‘हॉक’च्या टकरीच्या वेळी ऑलिंपिकवर होती, मग टायटॅनिकवर होती, पुढे ब्रिटानिक बुडालं तेव्हा त्याच्यावरही होती, आणि तिन्ही वेळा वाचली. रोज त्याच खोल्या आवरणाऱ्या, त्याच जिन्यांवरून ताटं नेणाऱ्या बाईला आपण जुन्याच जहाजावर परत आलो हे कळलं नसतं? ज्याच्या घरी कामाला बाई येते त्याला विचारा, कपाटातली कुठली वस्तू हलली हे आधी कुणाला कळतं.

इथे माझ्या रागाचं मूळ आहे. या थिअरीच्या जगात डोकं फक्त मालकांना असतं. बाकीची हजारो माणसं म्हणजे सामान. हलवाल तिकडे हलणारी, बघून न बघणारी. प्रत्यक्षात काय घडलं ते आता सांगतो.

टायटॅनिकवर २२०० हून अधिक माणसं होती आणि लाइफबोटींत जागा होती ११७८. हा आकडा कुणी लपवलेला नव्हता. उलट कायद्यानं मागितलं होतं त्यापेक्षा तो जास्त होता. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याचा नियम १८९४चा. त्यातली सगळ्यात वरची पायरी ‘दहा हजार टन आणि त्याहून मोठी जहाजं’ अशी होती, आणि त्यांना सोळा लाइफबोटी पुरेशा मानल्या होत्या. पुढे जहाजं पंचेचाळीस हजार टनांवर गेली, नियम जागेवरच राहिला. टायटॅनिकवर वीस होत्या. ऑलिंपिकवरही वीसच. म्हणजे ऑलिंपिक १९११पासून दर फेरीला हजारो माणसं घेऊन निघत होतं, सगळ्यांना जागा पुरणार नाही अशा होड्या टांगून, आणि प्रत्येक वेळी सरकारी तपासणी पास होत होतं.

त्या रात्री पहिल्या वर्गातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातले सुमारे पंचवीस टक्के. कामगारांचा पगार जहाज बुडालं त्या घटकेपासून बंद झाला. तोही कायद्याप्रमाणेच. चौकशीनंतर एकाही माणसावर खटला भरला गेला नाही.

सांगा, इथे कटाची गरज कुठे आहे? गुन्हा दिवसाढवळ्या झाला, छापील नियमपुस्तकात झाला, सही-शिक्क्यानिशी झाला. कट शोधणारी रील काय करते, तर या सगळ्यावर पांघरूण घालते. मालक गुपचूप मध्यरात्री नावाची पाटी बदलत होता अशी कल्पना केली की दिवसा कचेरीत बसून तो जे उघडपणे करत होता ते नजरेआड होतं. मॉर्गन राक्षस असेल तर बोर्ड ऑफ ट्रेड निर्दोष सुटतं, लाइफबोटींच्या गर्दीनं डेकची शोभा जाते म्हणणारे सुटतात, आणि ‘नियमात बसतं ना, मग झालं’ म्हणणारा प्रत्येक जण सुटतो.

या नियमाविरुद्ध उभा राहिला तो ऑलिंपिकचा कामगार. ही गोष्ट मला पाठ्यपुस्तकात हवी होती.

टायटॅनिक बुडून दहा दिवसही झाले नव्हते. साउथॅम्प्टनमधल्या पाचशेहून जास्त घरांतला कुणी ना कुणी त्या जहाजावर गेला होता. ऑलिंपिकची पुढची फेरी २४ एप्रिल १९१२ला होती. लोक घाबरू नयेत म्हणून कंपनीनं घाईघाईनं चाळीस घडीच्या होड्या आणून जहाजावर चढवल्या. या होड्या जुन्या सैनिकी जहाजांवरून काढलेल्या होत्या. त्यातल्या कित्येक कुजलेल्या आहेत, उघडतच नाहीत, असं कामगारांचं म्हणणं. त्यांनी लाकडी लाइफबोटी मागितल्या. कंपनी म्हणाली, शक्य नाही. त्यावर बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे २८४ स्टोकर सामान उचलून जहाजावरून उतरले. बॉयलर पेटवायला माणूसच नसेल तर जगातलं सगळ्यात आलिशान जहाज म्हणजे नुसतं लोखंड.

दुसऱ्या दिवशी संपकऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर चार होड्यांची चाचणी झाली. चारातली एक समुद्रात टिकणारी नव्हती. तेवढ्या होड्या बदला, आम्ही लोकांना कामावर परत यायला सांगतो, इतपत प्रतिनिधी तयार झाले होते. पण तोवर कंपनीनं बाहेरून संपफोडे आणून भट्ट्यांवर उभे केले होते. त्यांना काढा म्हटल्यावर कंपनीनं नकार दिला. तेव्हा डेकवरचे ५४ खलाशीही उतरले. ही नवखी माणसं घेऊन जाणं धोक्याचं आहे, आम्ही येणार नाही. फेरी रद्द झाली. किनाऱ्यावर पाऊल ठेवताच ५४ जणांना अटक झाली. आरोप होता बंडाचा.

तारखा बघा. २ मे १९१२ला लंडनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखाली टायटॅनिकची चौकशी सुरू झाली. लाइफबोटी कमी का होत्या, हा प्रश्न थोर मंडळी गंभीर चेहऱ्यानं विचारू लागली. आणि ४ मे १९१२ला पोर्ट्समथच्या कोर्टात, लाइफबोटी धड हव्यात म्हणणाऱ्या खलाशांचा गुन्हा सिद्ध झाला. परिस्थिती विशेष असल्याचं सांगत कोर्टानं त्यांना ना तुरुंगात टाकलं ना दंड केला. लोक आपल्या विरोधात जातील या भीतीनं कंपनीनं त्यांना कामावरही घेतलं आणि १५ मेला ऑलिंपिक निघालं.

त्या शरद ऋतूत ऑलिंपिक बेलफास्टला परत गेलं. वीसच्या जागी चौसष्ट लाइफबोटी बसवल्या. बॉयलर आणि इंजिनांच्या भागात आतून दुसरं पोलादी कवच घातलं, पाणी अडवणाऱ्या भिंती वरपर्यंत नेल्या. खर्च अडीच लाख पौंड. २० जानेवारी १९१४ला लंडनमध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक माणसाला लाइफबोटीत जागा, वायरलेसवर चोवीस तास माणूस. सगळं श्रेय संपाला द्यावं असं मी म्हणत नाही. दीड हजार प्रेतांचा दबाव त्यामागे होता. पण मेलेल्या माणसांना सही करता येत नाही. कुणीतरी जिवंत माणसानं पोटावर पाय येईल हे माहीत असून ‘मी या जहाजावर चढणार नाही’ म्हणावं लागतं. ते म्हणणारे ऑलिंपिकवरचे होते. कुजलेलं कापड ओळखणाऱ्या या माणसांच्या पायाखालचं जहाज महिनाभरापूर्वी बदललं होतं आणि त्यांना पत्ताही नव्हता, यावर विश्वास ठेवायला सांगते ती रील.

मग युद्ध. सप्टेंबर १९१५मध्ये सरकारनं जहाज ताब्यात घेतलं आणि सुमारे सहा हजार सैनिक भरून गॅलिपोलीच्या आघाडीसाठी भूमध्य समुद्रात पाठवलं. वाटेत १ ऑक्टोबरला बुडालेल्या एका फ्रेंच जहाजाच्या होड्या दिसल्या. कॅप्टन बर्ट्रम हेज यांनी थांबून ३४ जणांना वर घेतलं. ब्रिटिश नौदलानं त्यांना झापलं, पाणबुड्यांच्या टापूत एवढं मोठं जहाज थांबवलंत कसं? फ्रेंचांनी त्यांना सुवर्णपदक दिलं. सहा हजारांचा जीव धोक्यात घालून चौतीस वाचवावेत का, यावर मी आजही ठाम उत्तर देऊ शकत नाही. पण खरा इतिहास असा असतो. तो विचार करायला लावतो. नुसता ‘बघा, फसवलं’ म्हणून पुढे सरकत नाही.

पुढे कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून आणि मग अमेरिकेतून हे जहाज सैनिक आणत राहिलं. पाणबुड्यांना अंतर आणि दिशा कळू नये म्हणून त्याच्या अंगावर वेडेवाकडे पट्टे रंगवले होते. १२ मे १९१८ला अमेरिकी सैनिक घेऊन फ्रान्सकडे जाताना यू-१०३ ही जर्मन पाणबुडी अर्ध्या किलोमीटरवर पाण्याच्या वर दिसली. ऑलिंपिकनं पळ काढला नाही, वळून थेट अंगावर घातलं. पाणबुडी दबली, पण प्रोपेलरनं तिचं कवच फाडलं. तिच्यातल्या ३१ जणांना नंतर एका अमेरिकी विनाशिकेनं उचललं. प्रवासी जहाजानं पाणबुडी बुडवल्याची अशी उदाहरणं शोधावी लागतात. सैनिकांनी ऑलिंपिकला नाव दिलं, ‘ओल्ड रिलायबल’. भरवशाचं म्हातारं. तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचं होतं.

युद्धातला हिशेब सांगतो. १,८४,००० मैल प्रवास, ३,४७,००० टन कोळसा. हा कोळसा कुठल्या यंत्रानं टाकला नाही. २९ बॉयलर, १५९ भट्ट्या, आणि प्रत्येक भट्टीच्या तोंडाशी फावडं घेतलेला माणूस. टॉर्पेडो लागला तर सगळ्यात आधी मरणारा तोच, कारण तो पाण्याच्या पातळीखाली. युद्धाच्या चित्रांत तो दिसत नाही. १९१२ला बंडखोर ठरलेल्यांचा हा समाज १९१८ला देशाची लढाई फावड्यानं ओढत होता.

इथे हमखास एक आक्षेप येतो. एवढं मनावर का घ्यायचं? करमणूक आहे. शिवाय बड्या धेंडांवर संशय घेणं चांगलंच ना? तुम्हीच तर म्हणता मालकांनी माणसं मारली.

संशय हवाच. पण संशयाला पत्ता हवा. ‘मोठे लोक आपल्याला फसवतात’ हे वाक्य कुणालाच टोचत नाही, मोठ्या लोकांना तर मुळीच नाही. त्यांना टोचतं ते ‘१८९४च्या नियमातली अमुक ओळ बदला’ हे. पहिलं वाक्य ऐकून माणूस मान हलवतो, शेअर करतो आणि झोपतो. दुसऱ्यासाठी चार होड्या पाण्यात सोडून तपासाव्या लागतात. कॉन्स्पिरसी थिअरी माणसाला विद्रोहाची चव देते आणि घरी बसवते. सगळं आधीच ठरलेलं आहे, सगळे विकले गेलेले आहेत, मग तू काय करणार? त्या २८४ जणांनी असा विचार केला असता तर कुजलेल्या होड्या घेऊन ऑलिंपिक वेळेवर निघालं असतं.

मी ऑलिंपिकला देवही करणार नाही. १९१९-२०मध्ये त्याचे बॉयलर तेलावर आणले, तेव्हा इंजिनविभागातल्या साडेतीनशे माणसांच्या जागी साठ पुरली. नरकासारखं काम गेलं हे बरं झालं, पण त्याबरोबर पगारही गेले, आणि हा निर्णय घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १५ मे १९३४ला दाट धुक्यात, नँटकेट इथल्या दीपनौकेच्या रेडिओ खुणेवर दिशा धरून येणारं ऑलिंपिक त्या दीपनौकेवरच आदळलं. तिच्यावरच्या अकरांपैकी सात जण मेले. इतरांना वाट दाखवायला समुद्रात नांगर टाकून राहणारी माणसं, त्यांनाच वाट विचारत येणाऱ्या जहाजाखाली चिरडली गेली. यातही कुठला कट नव्हता.

एप्रिल १९३५मध्ये ते निवृत्त झालं. ९७,५०० पौंडांना विकलं गेलं. विकत घेणारे खासदार सर जॉन जार्विस यांची अट होती की ते जॅरो गावात मोडावं. जॅरोतला जहाजबांधणीचा कारखाना बंद पडून गावच बेकार झालेलं होतं. जहाजं बांधणाऱ्या हातांना जहाज मोडायचं काम मिळालं, तेही तात्पुरतं. ऑक्टोबर १९३६मध्ये त्याच गावातले सुमारे दोनशे जण काम मागायला पायी लंडनला निघाले. जिने, तावदानं, फर्निचर लिलावात गेलं. अॅनिक गावातल्या व्हाइट स्वान हॉटेलात त्यातली लाकडी सजावट आजही आहे.

टायटॅनिकबद्दल मला तक्रार नाही. दीड हजार माणसांचं मरण लक्षात राहायलाच हवं. माझी तक्रार आपल्या भुकेबद्दल आहे. जे बुडतं त्याला आपण आख्यायिका देतो आणि जे तरून जातं त्याच्यावर संशय घेतो. तरून जाण्यामागे कोण झगडलं होतं हे विचारायची तसदी घेत नाही.

तेव्हा यापुढे कुठे पूल पडला, बोट उलटली, इमारतीला आग लागली आणि तासाभरात ‘खरं कारण’ सांगणारा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवण्याआधी तीन साधे प्रश्न विचारा. नियम काय होता? तो कुणी जुना होऊ दिला? आणि आधी नकार देणारं कुणी होतं का, असेल तर त्याचं काय झालं? उत्तरं कंटाळवाणी असतील, सरकारी कागदांत असतील. पण सापडतील, कारण ती बहुतेक वेळा लपवलेली नसतात.

ऑलिंपिकच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोर्टाच्या निकालात आहे. धड लाइफबोटी आणि काम येणारे साथीदार मिळाल्याशिवाय समुद्रात जाणार नाही म्हणणारे ५४ खलाशी. गुन्हा बंडाचा. सिद्ध.